सर्फिंगची खासगी शिकवणी : मराठवाड्यातून बेटावर सुट्टीला जाणाऱ्यांसाठी

मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांपैकी एकालाही समुद्रकिनारा नाही. त्यामुळे श्रीलंका किंवा बालीसारख्या बेटावर सुट्टीला गेलेला आपल्याकडील पर्यटक बहुधा गुडघाभर पाण्यात उभा राहून छायाचित्रे काढतो आणि परततो. ज्यांना त्यापुढे जाऊन फळीवर उभे राहून लाटेबरोबर किनाऱ्याकडे यायचे आहे, त्यांनी पहिला धडा कसा ठरवावा आणि कसा घ्यावा, हे येथे सांगितले आहे. उदाहरणासाठी श्रीलंकेच्या दक्षिण किनाऱ्यावरील वेलिगामा हे गाव घेतले आहे, कारण मुंबईहून कोलंबोला थेट विमाने आहेत, कोलंबोहून किनाऱ्याच्या कडेने जाणारी रेल्वे वेलिगामाला थांबते, आणि तेथील रुंद, अर्धगोलाकार किनाऱ्याचा तळ वाळूचा असल्याने पडणाऱ्याला फारशी इजा होत नाही. बालीतील कुटा किनाऱ्यालाही यातील बहुतेक सूचना लागू पडतात.

गटातील धडा स्वस्त पडतो, तरीही प्रौढ नवशिक्याने पहिला धडा एकट्याने घ्यावा, असे माझे मत आहे. लातूरच्या शिकवण्या पाहिलेल्या वाचकाला भरलेल्या वर्गातील मागच्या बाकाचे हाल वेगळे सांगायला नकोत. पाण्यातही तेच होते. पाच जणांमागे एक प्रशिक्षक असेल, तर तो प्रत्येकाला पाळीपाळीने लाटेवर ढकलतो आणि आपला मागचा पाय कोठे पडला हे पाहायला त्याला सवड राहत नाही. मात्र खासगी शिकवणीतही एक पळवाट असते. प्रशिक्षक प्रत्येक लाटेला मागून जोर लावतो, आपण चार-दोन वेळा उभे राहतो, छायाचित्रे छान येतात आणि दोन तास संपतात. लाट कशी ओळखावी आणि स्वतः कशी पकडावी, हे मात्र शिकायचे राहूनच जाते. म्हणून नोंदणी करतानाच स्पष्ट सांगावे, की शेवटचा अर्धा तास ढकलणे बंद ठेवून केवळ सूचना द्याव्यात. यावर जो प्रशिक्षक नाराज होईल, त्याच्याकडे शिकू नये.

केव्हा जावे

श्रीलंकेच्या दक्षिण व पश्चिम किनाऱ्यावर नवशिक्यांसाठी नोव्हेंबर ते एप्रिल हा काळ योग्य असतो. या महिन्यांत ईशान्य मोसमी वारे दक्षिण किनाऱ्यावर जमिनीकडून समुद्राकडे वाहतात, त्यामुळे लाटेचा दर्शनी भाग गुळगुळीत राहतो आणि ती सावकाश फुटते. लाटा स्वतः मात्र त्या वाऱ्याच्या नसतात. दक्षिण गोलार्धातील दूरच्या वादळांनी उठवलेले पाणी हजारो किलोमीटरचा प्रवास करून तेथे पोहोचलेले असते. दिवाळीनंतर सोयाबीनचे काम उरकून निघणाऱ्या शेतकरी कुटुंबाला हा हंगाम सोयीचा आहे. मुलांच्या मे महिन्यातील सुट्टीचा मात्र येथे अडथळा होतो, कारण तोपर्यंत नैर्ऋत्य मोसमी वारे सुरू होऊन हाच किनारा खवळू लागतो. मे-जूनमध्येच जायचे असेल, तर श्रीलंकेचा पूर्व किनारा किंवा कोरडा हंगाम सुरू झालेली बाली हे पर्याय पाहावेत.

दिवसातील वेळ सकाळची निवडावी. शाळेच्या भूगोलातील खारे वारे आणि मतलई वारे येथे प्रत्यक्ष कामाला येतात. रात्री जमीन लवकर थंड होते, म्हणून पहाटे वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो आणि पाणी शांत असते. जमीन तापली की दुपारकडे वारा उलटा फिरतो आणि लाटा विस्कटतात. भरती-ओहोटीची वेळ प्रशिक्षकाला विचारावी. मुंबईला उधाणाच्या दिवशी पाण्याच्या पातळीत चार मीटरहून अधिक फरक पडतो, तर श्रीलंकेत तो एक मीटरपेक्षाही कमी असतो. त्यामुळे वेलिगामाला ही वेळ फार छळत नाही, बालीत ती अधिक पाहावी लागते.

घरून करायची तयारी

पाठीला डबा किंवा भोपळा बांधून विहिरीत पोहायला शिकलेल्यांना पाण्याचे भय नसते, ही मोठीच जमेची बाजू आहे. परंतु विहिरीचे पाणी जागचे हलत नाही आणि कड नेहमी हाताशी असते. समुद्रात यांपैकी काहीच नसते. न थांबता पन्नास मीटर पोहता येणे, उताणे तरंगून दम घेता येणे आणि नाकातोंडात पाणी गेल्यावर न घाबरणे, एवढे तरी जलतरण तलावात प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली पक्के करावे. धरणाच्या फुगवट्यात किंवा नदीच्या डोहात हा सराव करू नये. पोहता न येणाऱ्यालाही कमरेएवढ्या पाण्यात धडा देऊ, असे सांगणारे प्रशिक्षक भेटतात, पण मी तो सल्ला देणार नाही.

शरीराच्या तयारीसाठी तालमीतील जोर आणि बैठका पुरेशा आहेत, कारण फळीवर उभे राहण्याची क्रिया म्हणजे अर्धा जोर आणि त्याला लगेच जोडलेली अर्धी बैठक असते. घरात सतरंजीवर पालथे पडावे, तळहात बरगड्यांच्या बाजूला टेकवावेत, छाती उचलावी आणि गुडघे न टेकता एका झटक्यात दोन्ही पाय खाली घेऊन तिरके उभे राहावे. ही क्रिया जाण्यापूर्वी रोज केली, तर किनाऱ्यावर पैसे मोजून घेतलेला वेळ तिच्यात खर्ची पडत नाही. हृदयविकार, खांदा निखळण्याचा पूर्वेतिहास, मणक्याचा त्रास किंवा कानाच्या पडद्याला छिद्र असेल, तर आधी डॉक्टरांना विचारावे, आणि गरोदरपणात हा धडा घेऊच नये. प्रवासविम्याचे कागद नीट वाचावेत. साहसी खेळांतील दुखापत अनेक विम्यांतून वगळलेली असते आणि तिच्यासाठी वेगळा हप्ता भरावा लागतो.

कपड्यांच्या बाबतीत संकोचाचे कारण नाही. लांब बाह्यांचा, अंगाला घट्ट बसणारा रॅश गार्ड आणि घोट्यापर्यंतची लेगिंग हा पोशाख स्त्री-पुरुष दोघांनाही उत्तम, कारण फळीवर घासून पोट, छाती आणि गुडघे सोलवटतात. ओढणी, सैल कुर्ता किंवा नाडीची विजार पाण्यात उतरवू नये. मंगळसूत्र, बांगड्या, अंगठ्या आणि कानातले खोलीवरच ठेवावे. पैंजण आणि जोडवी आवर्जून काढावीत, कारण फळीचा दोर घोट्यालाच बांधला जातो. पुरुषांनी करदोडाही काढून ठेवावा. पालथे पडल्यावर त्याची गाठ नेमकी फळी आणि पोट यांच्यामध्ये येते आणि तासाभरात तेथे वळ उठतो. चष्मा लाटेत टिकत नाही, तेव्हा नजर कमी असल्यास प्रशिक्षकाला आधीच सांगावे, म्हणजे तो हातवाऱ्यांऐवजी आवाजाने सूचना देईल. बेचाळीस अंशांची सवय असलेल्यांनीही उन्हाला कमी लेखू नये. वेलिगामा विषुववृत्तापासून जेमतेम सहा अंशांवर आहे, आणि समुद्रावरच्या गार वाऱ्यात कातडी भाजल्याचे संध्याकाळपर्यंत कळत नाही. पाण्याने न जाणारे सनस्क्रीन चेहरा, मान, कान आणि पायांची वरची बाजू यांना लावावे. फळीवरून घसरायचे नसेल, तर ते पोटाला आणि पायाच्या तळव्यांना लावू नये.

प्रशिक्षक ठरवताना

वेलिगामाच्या वाळूवर फळ्या मांडून बसलेली दुकाने ओळीने आहेत आणि जवळ जाताच बोलावणी सुरू होतात. आदल्या दिवशी सकाळी जाऊन अर्धा तास नुसते पाहत बसावे. कोणता प्रशिक्षक शिष्याजवळ उभा राहून बोलतो आणि कोणता गप्पा मारत दुरूनच हात हलवतो, हे लगेच दिसते. नंतर त्याच्याशी हिंदी-इंग्रजीत बोलून घ्यावे. आंतरराष्ट्रीय सर्फिंग संघटनेचे प्रशिक्षक-प्रमाणपत्र आणि जीवरक्षणाचे प्रशिक्षण आहे का, दोन तासांपैकी प्रत्यक्ष पाण्यात किती वेळ मिळेल, फळी, दोर आणि रॅश गार्ड यांचे भाडे शुल्कात धरले आहे का, लाटा मोठ्या असल्यास धडा पुढे ढकलता येईल का, आणि छायाचित्रकाराचे पैसे वेगळे आहेत का, हे विचारावे. आपल्याच वेळेत दुसरा शिष्य घेणार नाही, हेही वदवून घ्यावे.

फळी फोमची आणि लांब असावी. सत्तर-ऐंशी किलो वजनाच्या प्रौढाला नऊ फुटांच्या आसपासची फळी ठीक असते. लहान, टणक, चकचकीत फळी रुबाबदार दिसते, पण तिच्यावर नवशिक्या आडवाही पडू शकत नाही, आणि ती डोक्याला लागली तर टाके पडतात.

वाळूवर आणि पाण्यात

सकाळी पोटभर पुरी-भाजी खाऊन जाऊ नये. तासभर आधी दोन केळी पुरतात. आरंभी वाळूवर कोणता पाय मागे ठेवायचा हे ठरते. गुळगुळीत फरशीवर घसरताना जो पाय आपोआप मागे राहतो तोच येथेही मागे ठेवावा, आणि त्याच घोट्याला दोर बांधावा. दोराचा पट्टा घोट्याभोवती घट्ट, पण बोट जाईल इतका गुंडाळून दोर पायाच्या बाहेरच्या अंगाला येईल असा बसवावा, नाहीतर उभे राहताना पाय त्यात अडकतो.

पाण्यात जाताना फळी स्वतःच्या आणि येणाऱ्या लाटेच्या मध्ये कधीही आडवी धरू नये. ती शरीराच्या बाजूला, टोक लाटेकडे करून चालवावी. लाट स्वतःच्या उंचीच्या सुमारे सव्वापट खोलीच्या पाण्यात आली की फुटते. म्हणजे दोन फुटांची लाट अडीच फूट पाण्यात फुटेल, आणि नवशिक्याने शिकायचे ते तिच्या फुटण्यानंतर किनाऱ्याकडे धावणाऱ्या फेसाळ पाण्यात, जेथे पाय टेकतात. लाटा गटागटाने येतात. मोठ्यांचा एक गट निघून गेला की थोडी उसंत मिळते, तेव्हा पुढे सरकावे.

पहिल्या काही लाटांवर उभे राहण्याचा आग्रह धरू नये. पालथे पडूनच किनाऱ्यापर्यंत यावे, म्हणजे वजन कोठे ठेवायचे हे पोटाला समजते. फार पुढे सरकलो तर फळीचे टोक पाण्यात घुसते आणि आपण तिच्यावरून पुढे फेकले जातो, फार मागे राहिलो तर लाट खालून निघून जाते. टोक पाण्यापासून दोन-चार बोटे वर राहील, ती जागा योग्य. मग लाट येते. आधी मागचा भाग उचलला जातो, पायांखालून एक दाब जाणवतो, फेसाचा आवाज कानांशी येतो आणि फळी पाणी मागे सारणाऱ्या हातांपेक्षा वेगाने पळू लागते. या क्षणी बहुतेकांचे हात थांबतात आणि लाट निसटते. फळी पळू लागल्यावरही हातांचे आणखी दोन जोरकस फटके मारावेत आणि मगच उभे राहावे. तळहात फळीच्या कडांना न पकडता तिच्यावर सपाट टेकवावेत. पुढचा पाय फळीच्या मध्याशी यावा, गुडघे वाकलेले असावेत आणि नजर किनाऱ्यावरच्या एखाद्या झाडावर असावी. पायांकडे पाहिले की तोल जातोच. आधी गुडघ्यांवर बसून मग उभे राहण्याची सवय लागू देऊ नये; ती नंतर मोडताना फार कष्ट पडतात.

पडावे तर पसरट, पाठीवर किंवा कुशीवर. उथळ पाण्यात डोके खाली करून सूर मारल्याने मान मोडू शकते. पाण्याबाहेर येताना दोन्ही हात डोक्यावर धरावेत, कारण दोराने ताणलेली फळी उलट आपल्याच दिशेने येते. दुसरा कोणी लाटेवर असेल तर ती लाट त्याची. फुटत्या भागाच्या सर्वांत जवळ असलेल्याचा हक्क पहिला, हा नियम जगभर पाळला जातो.

दोन धोके मात्र गांभीर्याने समजून घ्यावेत. दोन्ही बाजूंना लाटा फुटत असताना मध्येच एखादा गडद, शांत दिसणारा पट्टा असेल, तर तेथून पाणी समुद्राकडे ओढले जात असते. त्यात सापडल्यास किनाऱ्याकडे पोहण्याचा अट्टाहास न करता फळीवरच पडून राहावे, हात वर करून प्रशिक्षकाला बोलवावे आणि शक्य असल्यास किनाऱ्याला समांतर सरकावे. दुसरा धोका दुर्मीळ आहे, पण तो मुख्यतः नवशिक्यांनाच होतो. बराच वेळ पालथे पडून पाठ मागे ताणल्याने क्वचित मज्जारज्जूचा रक्तपुरवठा बाधित होतो. पाठीत एकाएकी कळ येते आणि पाय बधिर किंवा जड होतात. असे काही जाणवताच, थोड्या वेळात बरे वाटेल अशी वाट न पाहता, धडा तेथेच थांबवून रुग्णालय गाठावे. तो टाळण्यासाठी दोन लाटांच्या मधल्या वेळात फळीवर पालथे न राहता बसावे किंवा पाण्यात उभे राहावे, आणि भरपूर पाणी पिऊन जावे.

शेवटच्या अर्ध्या तासात ठरल्याप्रमाणे प्रशिक्षकाला बाजूला उभे करावे आणि लाट स्वतः निवडावी. बहुतेक निसटतील. प्रत्येक निसटलेल्या लाटेनंतर उशीर झाला की घाई झाली, एवढेच त्याला विचारावे.

धडा संपल्यावर तेथील केशरी सालीच्या नारळाचे, म्हणजे थंबिलीचे, पाणी प्यावे आणि अंग गोड्या पाण्याने धुवावे. पुढचे काही तास वाकताच नाकातून खारे पाणी गळू शकते, त्याला घाबरू नये. दुसऱ्या दिवशी खांदे आणि बरगड्या दुखतातच, म्हणून पुढचा धडा एक दिवस सोडून, शक्यतो त्याच प्रशिक्षकाकडे ठरवावा. सर्व धड्यांचे पैसे पहिल्याच दिवशी एकरकमी देऊ नयेत.