अभ्यासक्रमाची तत्त्वं लिहिताना: नकार देता येईल असं काहीतरी लिहा

‘अभ्यासक्रम दर्जेदार असावा.’ ‘तो विद्यार्थिकेंद्री असावा.’ ‘बदलत्या काळाच्या गरजांशी सुसंगत असावा.’ विद्यापीठांच्या कागदपत्रांत पहिल्याच पानावर अशी वाक्यं असतात आणि त्यांवर कुणाचंही भांडण होत नाही. माझी तक्रार नेमकी हीच आहे. मी सांख्यिकी शिकवते आणि बरीच वर्षं अभ्यास मंडळाच्या बैठकांना बसते आहे. ‘माझा घटक तेवढा काढू नका’ असं एखादा ज्येष्ठ सहकारी म्हणतो, तेव्हा या वाक्यांपैकी एकही मदतीला येत नाही. ज्याच्या आधाराने कुणाला तरी सभ्यपणे ‘नाही’ म्हणता येतं, ते माझ्या लेखी तत्त्व. तशी तत्त्वं तयार कशी करायची, ते सांगते.

सुरुवात मूल्यांपासून करू नका, वादांपासून करा. मागच्या काही बैठकांची इतिवृत्तं काढा आणि जिथे चर्चा लांबली तेवढ्याच जागा उतरवून घ्या. जुना घटक काढायचा की नाही, एकच विषय दोन पेपरांत का शिकवला जातो, संगणकावरचं काम प्रात्यक्षिकात धरायचं की लेखी परीक्षेत, पहिल्या सत्रात गणिताची किती तयारी गृहीत धरायची. कोणत्याही विभागात हीच चार-पाच भांडणं फिरून फिरून येतात. प्रत्येक भांडणाखाली एक सर्वसाधारण प्रश्न असतो. त्या प्रश्नाचं तुमच्या विभागाला मान्य असलेलं एका वाक्यातलं उत्तर, हा झाला तत्त्वाचा पहिला मसुदा.

मग ते वाक्य उलटं करून बघा. ‘अभ्यासक्रम दर्जेदार नसावा’ असं म्हणणारा माणूस जगात सापडणार नाही, म्हणून मूळ वाक्यही पोकळच. आता हे घ्या: ‘नवा घटक आत आला, तर तितक्याच तासांचा जुना घटक बाहेर जाईल.’ याच्या उलट बाजूने बोलणारे शहाणे लोक आहेत. विषय विस्तारतो आहे, विद्यार्थ्याला निदान तोंडओळख तरी असू द्या, असं ते म्हणतात आणि त्यात तथ्यही आहे. म्हणजे इथे विभागाने खरोखर एक बाजू घेतली. अशी वाक्यं ठेवा, बाकीची प्रस्तावनेत पाठवा. प्रस्तावना फारसं कुणी वाचत नाही, त्यामुळे तिथे ती निरुपद्रवी राहतात.

सर्वांत जास्त वेळ द्यायचा तो निष्पत्ती (म्हणजे शिकून झाल्यावर विद्यार्थ्याला काय करता यावं, ते सांगणारं वाक्य), परीक्षा आणि अध्यापन यांच्या मेळावर. ही कल्पना नवी नाही. अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ राल्फ टायलर यांनी 1949 मध्येच चार प्रश्न मांडले होते: साध्य काय करायचं, त्यासाठी कोणते अनुभव द्यायचे, त्यांची रचना कशी करायची आणि ते साध्य झालं हे ओळखायचं कसं. शिक्षण-मानसशास्त्रज्ञ जॉन बिग्ज यांनी 1990 च्या दशकात हाच धागा पुढे नेला. त्यांचं म्हणणं साधं आहे: विद्यार्थी परीक्षेकडे बघून शिकतो, म्हणून निष्पत्तीत जे क्रियापद असेल तेच काम वर्गातही करून घ्या आणि परीक्षेतही विचारा. बेंजामिन ब्लूम यांच्या शैक्षणिक उद्दिष्टांच्या 1956 च्या वर्गीकरणातून निघालेल्या क्रियापदांच्या याद्या सगळीकडे चिकटवलेल्या दिसतात. त्या वापरायला हरकत नाही, पण ‘समजेल’ खोडून ‘विश्लेषण करेल’ लिहिल्याने अभ्यासक्रम सुधारत नाही. खाली परीक्षेत व्याख्याच विचारणार असाल, तर वरचं क्रियापद नुसती सजावट.

म्हणून आमच्याकडे तत्त्व असं आहे: प्रत्येक निष्पत्तीखाली, घटकांची यादी करण्याआधी, परीक्षेतला एक खराखुरा प्रश्न लिहायचा. आमच्याच विषयातलं उदाहरण देते. ‘विद्यार्थ्याला प्रतिगमनाची संकल्पना समजेल’ ही जुनी निष्पत्ती. (प्रतिगमन म्हणजे रिग्रेशन: दोन राशींतला संबंध रेषेने मांडणं.) तिच्याखाली कोणता प्रश्न लिहाल? बहुधा सूत्र सिद्ध करा किंवा रेषेचं समीकरण काढा. आता ती अशी लिहून बघा: ‘दिलेल्या माहितीला सरळ रेषा लावणं योग्य आहे का, हे आलेखाच्या आधारे कारणांसह सांगता येईल.’ यासाठी संख्याशास्त्रज्ञ फ्रान्सिस अँस्कम यांचे 1973 चे चार माहितीसंच तयारच आहेत. प्रत्येकात 11 बिंदू आणि चारही संचांत सरासरी, प्रचरण (आकडे किती पसरलेत त्याचं माप), सहसंबंध (सुमारे 0.816) आणि रेषा जवळपास तीच. आलेख काढला की मात्र एक संच सरळ रेषेभोवती विखुरलेला दिसतो, दुसरा वक्र निघतो, तिसऱ्यात एकच बिंदू रेषा ओढून नेतो आणि चौथ्यात एक बिंदू सोडून सगळे एकाच उभ्या ओळीत. हे चार संच प्रश्नपत्रिकेत ठेवायचं ठरलं की पुढचं आपोआप ठरत जातं: आलेख काढण्याच्या तासिका वाढतात, हाताने करायची आकडेमोड कमी होते आणि अवशेष (बिंदू रेषेपासून किती दूर पडतात ते) नावाचा शेवटच्या आठवड्यात घाईने उरकला जाणारा भाग मधोमध येतो. प्रश्न आधी लिहिण्याचा हा फायदा कुठल्याही क्रियापदांच्या यादीतून मिळत नाही.

प्रश्न लिहिताच येत नसेल, तर ती निष्पत्ती नसून सदिच्छा आहे. ती काढा. ‘संशोधनवृत्ती विकसित होईल’ हे वाक्य काढताना दोघं-तिघं दुखावतील, त्याची तयारी ठेवा.

दुसरं महत्त्वाचं तत्त्व तासांचं, आणि इथे भावनेपेक्षा अंकगणित उपयोगी पडतं. युरोपातल्या श्रेयांक (क्रेडिट) पद्धतीत पूर्ण वेळ शिकणाऱ्याचं एक वर्ष 60 श्रेयांकांचं धरतात आणि एका श्रेयांकाला विद्यार्थ्याचे 25 ते 30 तास, वर्गाबाहेरचे तासही त्यातच. म्हणजे 6 श्रेयांकांच्या पेपरला 150 ते 180 तास. तुमची पद्धत वेगळी असेल, हिशेबाची रीत तीच. वर्गातले तास वजा करा. उरलेल्यांतून वाचन, गृहपाठ, प्रकल्प आणि परीक्षेची तयारी वजा करा. माझ्या अनुभवात पहिल्या मसुद्यात उत्तर बहुतेक वेळा उणे येतं. आकडा फळ्यावर लिहिला की घटक कापण्याबद्दलचा निम्मा वाद तिथेच शमतो. प्रत्येक शिक्षकाला आपला पेपर हाच विद्यार्थ्याचा एकमेव पेपर वाटत असतो, हेही त्या आकड्यातूनच त्याला सांगता येतं, तोंडाने सांगावं लागत नाही.

एकेक पेपर ठीक झाला तरी संपूर्ण पदवीकडे बघायचं उरतंच. त्यासाठी एक तक्ता करा: आडव्या ओळींत पेपर, उभ्या स्तंभांत पदवीच्या निष्पत्ती. प्रत्येक चौकटीत ‘ओळख’, ‘सराव’ किंवा ‘परीक्षा’ यांपैकी एकच शब्द. मोकळा स्तंभ दिसला तर ती निष्पत्ती कुणीच शिकवत नाही. ‘ओळख’ आणि थेट ‘परीक्षा’ असं दिसलं तर सरावाची जबाबदारी विद्यार्थ्यावर सोडलेली आहे. लेखनकौशल्याच्या बाबतीत हे हमखास घडतं. सगळ्याच चौकटी भरलेल्या असतील तर तक्ता प्रामाणिक नाही.

बाहेरून आलेल्या अटी तत्त्वांत मिसळू नका. अभियांत्रिकीसाठी पदव्यांच्या परस्पर मान्यतेचा 1989 चा आंतरराष्ट्रीय वॉशिंग्टन करार आहे, त्यात पदवीधराकडून असलेल्या अपेक्षांची यादी मिळते. इतर व्यवसायांच्याही आपापल्या मानक संस्था आहेत. त्या अटी पाळायच्याच असतात, त्यांवर आपलं मत नसतं. वेगळ्या पानावर लिहा.

भाषेबद्दल थोडंच. अभ्यासक्रम पुढच्या वर्षी पहिल्यांदाच शिकवायला येणाऱ्या शिक्षकासाठी आणि विषय निवडणाऱ्या विद्यार्थ्यासाठी लिहायचा असतो. ‘इत्यादी’ हा शब्द पूर्णपणे बाद करा, कारण प्रश्नपत्रिका काढणारा त्याच शब्दातून आत शिरतो. घटकाच्या नावाबरोबर खोलीही सांगा: सिद्धता हवी, की फक्त वापर.

मसुदा झाला की सात-आठच्या वर तत्त्वं ठेवू नका. त्यापेक्षा जास्त बैठकीत कुणाच्या लक्षात राहत नाहीत. त्यांचा क्रमही ठरवा, कारण ती एकमेकांशी भांडणारच. आमच्याकडे तासांची मर्यादा सगळ्यांच्या वर आहे. मग एखादा जुना पेपर घ्या आणि दुसऱ्या विभागातल्या दोघांना, एकमेकांशी न बोलता, फक्त तुमची तत्त्वं वापरून त्यातलं काय काढाल ते विचारा. दोघांची उत्तरं बरीचशी जुळली, तर तत्त्वं स्पष्ट आहेत. नाही जुळली, तर ज्या वाक्यामुळे फाटा फुटला ते शोधा आणि पुन्हा लिहा.

अपवाद द्यावे लागतील. द्या, पण कोणत्या तत्त्वाला आणि कशासाठी, हे त्या तत्त्वाच्याच खाली नोंदवा. एकाच तत्त्वाखाली एकाच कारणाचे अपवाद साचत गेले, तर पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर ते तत्त्वच घ्या.