आधी 'कधी', मग 'का' : वर्गातल्या मुलाचं वागणं समजून घ्यायची माझी वही

"बाई, ह्यो बघा परत चावला."

रोज कुणी ना कुणी उठून हेच सांगायचं. तिसरीतला मुलगा, अंगानं किरकोळ. शेजारच्याची पेन्सिल हिसकावायचा, बसकरावरनं ढकलून द्यायचा, चावायचासुद्धा. मी त्याची जागा बदलली, जवळ घेऊन समजावलं, दोनदा ओरडले, घरी निरोप धाडला. फरक शून्य. मग एका सोमवारी शंभरपानी वहीत त्याच्या नावाचं पान केलं आणि ठरवलं, त्यानं काय केलं ते लिहायचं नाही, कधी केलं तेवढंच लिहायचं. दहा दिवसांनी पान उघडलं : 11:40, 11:55, 11:30, 12:05, 11:45... खिचडी खाल्ल्यानंतरची एकही नोंद नव्हती.

माझी शाळा सांगलीतल्या तासगाव तालुक्याच्या पूर्व भागात आहे, दोन शिक्षकांची. ते ऑक्टोबरचे दिवस होते, द्राक्षबागांची छाटणी जोरात. संध्याकाळी त्याच्या घरी गेले. आई अजून रानातनं आली नव्हती, आजी होती. म्हणाली, "सा वाजता टेंपो येतोय बाई. भाकरी करून जाती ती, पर गार भाकरी ह्यो खात न्हाई. सातला च्या-बटर खातंय, मग थेट शाळंत." शाळा साडेदहाला, खिचडी दीडला. म्हणजे आठ वर्षांचं लेकरू साडेसहा तास दोन बटरांवर काढत होतं आणि मी त्याला 'भांडखोर' म्हणत होते.

तिसरी-चौथी शिकवणाऱ्या नव्या बाई-गुरुजींसाठी हे लिहितेय. मुलाचं वागणं आणि त्याचा अभ्यास हे दोन वेगळे प्रश्न धरू नका. ज्या कारणानं मूल मारामारी करतं, बहुतेक वेळा त्याच कारणानं त्याचा हातच्याचा हिशेब चुकतो. ते कारण शोधायचा सगळ्यात स्वस्त रस्ता म्हणजे ही वही.

वही अशी ठेवा. एका वेळी दोनच मुलं निवडा, जास्त घेतलीत तर चार दिवसांत वही बंद पडेल. एक दंगा करणारं आणि एक अगदी गप्प बसणारं. गप्प मूल मुद्दाम घ्या, कारण ते त्रास देत नाही म्हणून वर्षभर आपल्या नजरेतनं सुटतं. प्रत्येक नोंदीत वेळ, विषय, शेजारी कोण आणि त्याच्या आधीच्या पाच मिनिटांत वर्गात काय झालं एवढंच लिहा. 'वात्रटपणा केला', 'ऐकत नाही' असले शब्द त्या पानावर नकोत. 'हिला वाचायला सांगितल्यावर पाणी प्यायला जाते म्हणाली', असं डोळ्यांनी दिसलं तेवढंच लिहायचं. दहा शाळेचे दिवस झाले की पान वाचा. नोंदी एका वेळेला गोळा होत असतील तर भूक, झोप, ऊन यांच्याकडे बघा. एका विषयाला होत असतील तर ते मूल तिथं अडलंय. एका शेजाऱ्याबरोबर होत असतील तर दोघांचं काहीतरी आहे. आणि एका वाराला होत असतील तर घराकडे बघा, आमच्या गावात तो बहुधा आठवडी बाजाराचा दुसरा दिवस असतो.

भुकेचं आधी बघा, कारण त्यावर लगेच काही करता येतं. शालेय पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलामागे 100 ग्रॅम तांदूळ, 450 कॅलरी आणि 12 ग्रॅम प्रथिनं असं प्रमाण ठरलेलं आहे. ते जेवण चांगलंच आहे, पण ते दुपारी येतं. सकाळचा खड्डा त्यानं भरत नाही. आम्ही सव्वाअकराला पाच मिनिटांची 'मूठ' सुरू केली. शाळा व्यवस्थापन समितीतल्या एका पालकांची बेदाण्याची शेड आहे, त्यांनी एक बॉक्स दिला. दुसऱ्यांनी शेंगा दिल्या. मूठभर शेंगदाणे, चार बेदाणे, पाणी. सगळ्या वर्गाला एकत्र द्यायचं, कुणा एकाला वेगळं बोलावून द्यायचं नाही. आठ वर्षांच्या मुलालाही आपण गरीब ठरलो हे बरोबर कळतं. त्या मुलाचं चावणं त्यानंतर बंद झालं. ढकलाढकली पूर्ण गेली नाही, आठवड्यातनं एखाददुसऱ्या वेळेवर आली.

पोट भरलेलं असूनही मूल मलूल असेल, फिकट दिसत असेल, परिपाठाला उभं राहिल्यावर लगेच बसत असेल तर रक्त कमी असल्याची शंका घ्या. लोहाची गुलाबी गोळी आठवड्याला एक, जेवणानंतर, आणि जंतनाशक दिनाची गोळी चावून, ही दोन्ही कामं कागद भरण्यापुरती करू नका. समोर उभं राहून द्या. जंत असतील तर खाल्लेलं अंगी लागत नाही.

झोपेचं मला उशिरा कळलं. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला नऊ ते बारा तास झोप लागते. "किती वाजता झोपलास?" असं विचारलं तर सगळे "नऊला" म्हणतात. मी विचारते, "झोपताना टीव्हीवर काय चाललं होतं?" मग मालिकेचं नाव सांगतात आणि वेळ आपोआप कळते. मोबाईल तर आहेच, त्यावर सगळेच बोलतात. आमच्याकडचं दुसरं एक कारण मात्र कुठल्याच प्रशिक्षणात मला कुणी सांगितलं नाही. शेतीपंपाची लाईट काही आठवडे दिवसा असते, काही आठवडे रात्री. रात्रपाळीच्या आठवड्यात बाप मध्यरात्री उठून पाणी पाजायला जातो, दार वाजतं, घर जागं होतं. कधी पोरगं बॅटरी धरायला बरोबर जातं. माझ्या वहीत एका मुलाची पेंग एक आठवडा यायची, एक आठवडा गायब व्हायची. लाईटीचं वेळापत्रक शेजारी ठेवलं तर दोन्ही तंतोतंत जुळलं. आता मी ते वेळापत्रक वर्गातच लावते. रात्रपाळीच्या आठवड्यात पहिल्या तासाला नवं गणित काढत नाही, आणि पेंगणाऱ्याला उभं करत नाही. दुपारच्या सुट्टीत त्याला व्हरांड्यात वीस मिनिटं पडू देते. बापाला सांगितलं, "दादा, बॅटरीला दुसरं कुणी बघा, हा सकाळी माझ्यासमोर झोपतो." त्यांनी ऐकलं.

डोळे आणि कान आपल्या आपण तपासायची सवय लावा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत वर्षातनं एकदा येतं, नेमकं त्या दिवशी ते मूल गैरहजर असतं. माझ्या चौथीतली एक मुलगी फळ्यावरचं उतरवताना 8 चा 3 करायची, आणि शेजारणीच्या वहीत डोकावते म्हणून तिची रोज तक्रार यायची. तिला फळा दिसतच नव्हता. भिंतीवर मोठ्यापासून बारीक होत गेलेली अक्षरं चिकटवा, वीस फुटांवर खूण करा, एक डोळा तळहातानं न दाबता झाकायला सांगा आणि वाचून घ्या. वाचता येत नसेल तर बोटांनी आकार दाखवायला सांगा. दोन डोळ्यांत फरक आला किंवा बारीक ओळी कुणालाच अडल्या नाहीत पण हिला अडल्या, तर ग्रामीण रुग्णालयात पाठवा. चष्मा आल्यावर तिनं पहिल्या दिवशी काय केलं असेल? खिडकीतनं दिसणारं चिंचेचं झाड बघत बसली, आणि म्हणाली, "बाई, त्याची पानं वेगवेगळी हायत."

कानासाठी मुलाच्या मागं हातभर अंतरावर उभं राहून, त्याला एक कान झाकायला सांगून, दोन आकडी संख्या कुजबुजा. उन्हाळ्यात विहिरीत पोहून आणि पावसाळ्यात सर्दीनं कान वाहणारी मुलं जूनमध्ये भरपूर असतात. 'हाक मारली तरी बघत नाही, उद्धट आहे' असा शेरा ज्याच्यावर पडतो, त्याचा कान आधी बघा. कानात गरम तेल घालू नका, असं आईला आवर्जून सांगा.

आता भाषेबद्दल. तासगावला यायच्या आधी मी सहा वर्षं जत तालुक्यात होते, कर्नाटकाच्या हद्दीजवळ. पहिलीत एक मुलगी तीन महिने एक शब्द बोलली नाही. मी तिला मंद समजत होते, हे लिहिताना आजही मला लाज वाटते. तिच्या घरात सगळे कन्नड बोलायचे. मी शेजारच्या आक्कांकडून वीस-पंचवीस शब्द शिकून घेतले. दुसऱ्या दिवशी "ऊटा आयता?" म्हणजे जेवलीस का, एवढं विचारलं, तर ती माझ्या तोंडाकडे बघतच राहिली आणि मग हसली. दिवाळीपर्यंत ती दोन भाषांत भांडत होती. घरी कन्नड, वडारी, लमाणी, पारधी, काहीही बोलत असोत, त्या भाषेतले पाणी, भूक, दुखतंय, ये, बस, शाबास एवढे शब्द आपल्याला आलेच पाहिजेत. आपल्या सांगलीची मराठीसुद्धा वर्गात चालू द्या. "मी न्हाई आलो" म्हणणाऱ्याला वाक्य मधेच तोडून 'नाही' म्हणायला लावलं की तो पुढच्या वेळी हातच वर करत नाही.

ऊसतोडीला जाणाऱ्या घरातली मुलं दिवाळीच्या आसपास जातात आणि पाडव्याच्या पुढं-मागं परत येतात. जाताना शिक्षण हमी कार्ड, म्हणजे दुसऱ्या गावच्या शाळेत बसता यावं म्हणून आपण देतो ते कार्ड, हातात द्या, आणि जिथं जाणार तिथल्या शाळेच्या गुरुजींना फोन करा. नुसतं कार्ड पेटीत राहतं. आजी-आजोबांकडे राहण्याची सोय होत असेल तर तेच धरा. परत आलेल्या मुलाला पहिले आठ दिवस चाचणी देऊ नका. त्यानं मोळ्या मोजल्यात, गाडीचं वजन ऐकलंय, टन त्याला आपल्यापेक्षा चांगला कळतो. तिथनं गणित सुरू करा.

सगळ्यात अवघड भाग आपला स्वतःचा आहे. एका दिवशी मी वहीत माझंच पान केलं. प्रश्न कुणाला विचारते त्याच्या उभ्या रेघा मारल्या. संध्याकाळी मोजल्या तर 41 प्रश्न, त्यातले 29 पुढच्या सहा मुलांना. जी मुलं 'कच्ची' म्हणून मागच्या शिक्षकांनी मला सांगितली होती, त्यांच्यापैकी दोघांना दिवसभरात एकही नाही. 1960 च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या एका प्राथमिक शाळेत रॉबर्ट रोझेन्थाल आणि लेनोर जेकबसन यांनी साधारण वीस टक्के मुलं चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवडली आणि शिक्षकांना सांगितलं, ही यंदा झेप घेतील. वर्षअखेरीस पहिली-दुसरीतल्या त्या मुलांची बुद्धिचाचणीतली वाढ इतरांपेक्षा जास्त निघाली. 1968 मध्ये ते छापून आलं. परिणाम किती मोठा यावर पुढं बरेच वाद झाले, पण माझ्या त्या 41 रेघा बघितल्यावर मला त्यातला मुद्दा पटायला वेळ लागला नाही. आपण कच्चं समजतो त्याला कमी विचारतो, उत्तराची वाट कमी बघतो, म्हणून तो कच्चा राहतो. आता प्रश्न विचारल्यावर मी मनात पाच आकडे मोजते, मगच दुसऱ्याकडे वळते. आणि 'शाबास' एवढंच म्हणत नाही. "उत्तर चुकलं, पण हातचा बरोबर घेतलास," असं काय जमलं ते सांगते.

मारू नका, कान धरायला लावू नका, 'ढ' म्हणू नका. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 नं शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास दोन्हींवर बंदी आहे. कायदा नसता तरी मी हेच सांगितलं असतं. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मी एका मुलाला सगळ्यांसमोर टाकून बोलले. तो नंतर आठवडाभर शाळेच्या मागच्या ओढ्यात बसून राहायचा आणि शाळा सुटली की घरी जायचा. त्याची पाटी अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे, कोपरा फुटलेली.

भूक, झोप, डोळे, कान, भाषा सगळं बघूनही मूल तोंडी हुशार आणि लिहिताना, वाचताना कोसळत असेल, तर अध्ययन अक्षमतेची शंका असते. निदान आपण करायचं नाही. तिसरीच्या सुमारास, आठ वर्षांचं झाल्यावर तपासणी होते. त्यासाठी तालुक्याच्या गटसाधन केंद्रातल्या समावेशित शिक्षणाच्या विशेष शिक्षकांना वहीचं पान दाखवा. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात ही अक्षमता नोंदलेली आहे, त्यामुळे सवलती मिळतात. तोवर त्याची उत्तरं तोंडी घ्या.

पालकांना शाळेत बोलावून तक्रार सांगू नका. घरी जा, तेही आई रानातनं आल्यावर, चूल पेटलेली असताना. आधी मुलाचं एक चांगलं सांगा, खरं असलेलं. "वहिनी, तुमच्या पोरानं काल लहान भावंडाला स्वतः हात धुवून जेवायला बसवलं." मग विचारा, "घरी कसा असतो?" आणि गप्प बसा. बाप पितो, आई माहेरी गेलीय, थोरल्याचं लग्न मोडलंय, हे सगळं त्या गप्पपणात बाहेर येतं. ते वर्गात कुणाला सांगायचं नाही, वहीतसुद्धा लिहायचं नाही. अशा दिवसांत त्या मुलाला एक ठरलेलं काम द्या. रोज तेच, खडू आणणं किंवा झाडांना पाणी. घरात काहीच जागेवर नसताना एवढं तरी जागेवर असतं.

मे महिन्यात वर्ग पुढच्या शिक्षकांकडे जातो. त्या वेळी प्रत्येक मुलामागे एक ओळ लिहून द्या. त्या तिसरीतल्या मुलाच्या नावापुढं मी लिहिलं : "सव्वाअकराला खायला द्यावं. छाटणीच्या आणि माल काढायच्या महिन्यांत आई सहाला जाते. गुणाकार आवडतो."