दमून घरी आलात? येसराची बरणी काढा

दिवसभर उभं राहून काम केलेल्या माणसाला रात्रीचा स्वयंपाक जड जातो तो शेगडीपाशी उभं राहण्यामुळे नव्हे. जड जातं ते आधीचं: काय करायचं ते ठरवा, माळवं बघा, निवडा, चिरा, वाटण लावा. एवढं कुणी आधीच उरकून ठेवलं असेल तर पुढचं काम वीस मिनिटांचं. मराठवाड्यात हे उरकून ठेवायची जुनी सोय म्हणजे येसर: भाजलेलं धान्य, डाळी आणि मसाल्यांचं पीठ, पाण्यात उकळलं की त्याची आमटी होते. लग्नकार्य निघालं की येसर-मेतकूट करून ठेवायची पद्धत बऱ्याच घरांत अजून आहे. पण लग्नाची वाट बघायचं कारण नाही. सुट्टीच्या दिवशी तासभर काढला की बरणी भरते.

साहित्य असं: 1 वाटी गहू, 1 वाटी हरभरा डाळ, अर्धी वाटी उडीद डाळ, अर्धी वाटी धने, 2 चमचे जिरे, अर्धी वाटी किसलेलं सुकं खोबरं, 8-10 लाल मिरच्या, थोडे मिरे, चार लवंगा, दालचिनीचा एक तुकडा. प्रमाण घरागणिक बदलतं. कुणी गव्हाच्या जोडीला बाजरी किंवा ज्वारी घालतं. तुमच्या आजीचं प्रमाण वेगळं असेल तर तेच धरा, इथलं सोडून द्या.

सगळं एकत्र भाजायचा मोह होतो. तो टाळा. गहू, डाळी, धने-जिरे, मिरच्या आणि अख्खे मसाले, खोबरं असं वेगवेगळं भाजायचं, तेही मंद आचेवर. हरभरा डाळ फसवते: वरून तांबूस दिसते आणि आत कच्चीच असते. एक दाणा गार करून दाताखाली धरा. कडकन मोडला आणि पिठूळ लागला तर झाली. चिवट लागला तर अजून पाच मिनिटं हलवा. डाळ कच्ची राहिली तर आमटीला कच्च्या पिठाचा वास येतो, मग वरून कितीही मसाला घाला, तो जात नाही. सगळं पूर्ण गार झालं की मिक्सरमधून काढा, चाळा, कोरड्या बरणीत भरा. ओला चमचा घालू नका. खोबऱ्यामुळे येसर पुढे खवट होतं, म्हणून दोनेक महिन्यांत संपेल एवढंच करा, उन्हाळ्यात बरणी फ्रिजात ठेवा.

आता दमलेली संध्याकाळ. 4 माणसांना 4 मोठे चमचे येसर आणि साधारण 1 लिटर पाणी लागतं. येसर आधी वाटीभर गार पाण्यात कालवून घ्या. कोरडं येसर थेट उकळत्या पाण्यात टाकलं की गुठळ्या झाल्याच म्हणून समजा. पातेल्यात तेल तापवा, मोहरी, जिरे, सात-आठ ठेचलेल्या लसूण पाकळ्या, कढीपत्ता घाला. लसूण तांबूस झाला की हळद आणि चमचाभर काळा मसाला टाका आणि लगेच उरलेलं पाणी ओता, मसाला जळता कामा नये. पाण्याला उकळी आली की कालवलेलं येसर सोडा, मीठ घाला, अधूनमधून तळापासून हलवत दहा मिनिटं उकळू द्या. ही आमटी ठेवल्यावर दाटते. तेव्हा शेगडीवरून उतरवताना पातळ वाटली तरी घाबरून आणखी येसर घालू नका.

बरोबर भाकरी. इथे मात्र शॉर्टकट कमी आहेत. ज्वारीचं पीठ जुनं झालं की त्याची विरी, म्हणजे चिकटपणा, जाते आणि भाकरी थापताना फाटते. असं पीठ कढत पाण्यात मळलं तर निभावतं. हातात तेवढाही जीव नसेल तर सकाळची भाकरी चुरा, वर आमटी ओता, कच्चा कांदा आणि शेंगदाण्याची चटणी घ्या. माझ्या मते ताज्या भाकरीपेक्षा हेच सरस लागतं. भाकरीच नसेल तर कुकरला भात लावा. आमटी उकळेपर्यंत तोही होतो. एरवी शहरात पोळी-भाकरी केंद्रं असतातच. दोन भाकरी विकत आणल्याने घराची अब्रू जात नाही.

बरणी रिकामी असेल त्या रात्री दोन गोष्टी हाताशी असू द्या. एक म्हणजे सुशीला. मुरमुरे पाण्यात बुडवून लगेच पिळून काढा, कांदा, हिरवी मिरची, शेंगदाणे, हळद यांच्या फोडणीवर परता, वरून डाळ्याचं कूट भुरभुरा, दहा मिनिटांत ताट वाढता येतं. मुरमुरे भिजत ठेवून फोन घ्यायला गेलात तर मात्र लगदा होतो. लोक ती नाश्त्याला करतात, रात्री केली म्हणून काही बिघडत नाही.

दुसरी वरणफळं. सकाळचं वरण आणि उरलेली कणीक, एवढंच भांडवल. वरणात भरपूर पाणी घालून फोडणी द्या, गूळ आणि चिंच टाका, चांगलं खळखळू द्या. कणकेची पोळी लाटून शंकरपाळ्यासारखे तुकडे कापा आणि एकेक करून सोडा. सगळे एकदम ओतले तर चिकटून गोळा होतो. झाकण ठेवून दहा-बारा मिनिटं शिजवा. तुकडा बोटाने दाबून पाहा, मध्ये पांढरं पीठ दिसलं तर अजून थोडं. वाढताना वर तूप.

वरणफळं आणि आमटी दोन्ही एकाच पातेल्यात होतात, हाही आमच्याकडे छोटा फायदा नाही. 2016 च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. अशा भागात खरकटी भांडी किती पडतील हा विचार जेवण ठरवतानाच होतो.

उरलेली येसर आमटी दुसऱ्या दिवशी चालते. रात्री गार झाली की झाकून फ्रिजात ठेवा, सकाळी घट्ट झालेली दिसेल. त्यात अर्धा पेला कढत पाणी घालून पुन्हा एक उकळी काढा आणि मीठ चाखूनच वाढा.