घरीच शिकायचे की शाळेत परतायचे : ठरवण्याआधी दोन आठवडे वही लिहा

नववीच्या दुसऱ्या सत्रात माझी शाळा सुटली. ती कोणी एका दिवसात, विचार करून सोडवली नाही. आधी फक्त सोमवारी पोट दुखू लागले, मग सोमवारी आणि मंगळवारी, आणि तीन महिन्यांत अशी वेळ आली की गणवेश घालून मी दारापर्यंत जाई आणि तेथूनच परत फिरे. बाबा म्हणत, "उद्यापासून जायचे म्हणजे जायचेच." आई म्हणे, "नाव काढू, घरीच शिकवू." दोघांनाही माझी काळजी होती, पण मला नेमकी कशाची भीती वाटते हे दोघांनाही ठाऊक नव्हते आणि खरे तर मलाही नव्हते. पुढे सात महिने मी घरी शिकले आणि त्यानंतर शाळेत परतले. या उंबरठ्यावर आज जे उभे आहेत, त्यांच्यासाठी हे लिहीत आहे.

सर्वांत आधी, शाळा टळली की वाटणाऱ्या सुटकेविषयी. "बरं, आज राहू दे," असे आईने म्हटले की दहा मिनिटांत माझे पोट दुखायचे थांबे, आणि त्यामुळे मी ढोंग करते असा घरात संशय येई. ते ढोंग नव्हते. भीतीने शरीर सावध होते तेव्हा छाती धडधडते, पचन बिघडते, मळमळते, आणि धोका टळला असे वाटताच हे सारे ओसरते. दुखणे खरेच असते. (तरीही एकदा डॉक्टरांना दाखवून शारीरिक आजार नाही याची खात्री करून घ्यावी.) अडचण अशी की टाळल्यामुळे मिळणारी ही सुटका मेंदूला बक्षिसासारखी वाटते, शाळा खरोखरच धोक्याची होती आणि आपण वाचलो, असा तो निष्कर्ष काढतो, आणि पुढच्या सकाळी भीती थोडी अधिक वाढलेली असते. म्हणूनच घरी शिकण्याचा निर्णय सकाळी सात वाजता, पोटात गोळा आलेला असताना, कधीही घेऊ नये. तो सुट्टीच्या दिवशी दुपारी, शांतपणे घ्यावा.

माझ्या समुपदेशक बाईंनी मला दोन आठवडे एक वही ठेवायला सांगितली. शाळेत गेले तर प्रत्येक तासाला, न गेले तर त्या तासाची कल्पना करून, भीतीला शून्य ते दहा असा आकडा द्यायचा. मला वाटले होते की सगळीकडे नऊ आणि दहाच येतील. प्रत्यक्षात जीवशास्त्राला एक, गणिताला तीन, मराठीच्या तासाला आठ आणि मधल्या सुट्टीला दहा! मराठी माझा आवडता विषय, पण त्या तासाला उभे राहून मोठ्याने वाचावे लागे. आणि मधल्या सुट्टीत कोणाजवळ बसायचे हे ठरलेले नव्हते, कारण माझी एकुलती एक मैत्रीण दुसऱ्या तुकडीत गेली होती. इतके दिवस मी "शाळा नको" म्हणत होते. माझे भांडण होते ते दिवसातल्या जेमतेम सव्वा तासाशी.

सगळ्यांची वही अशीच निघेल असे नाही. १९४१ साली अमेरिकेत अॅडलेड जॉन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा मुलांच्या भीतीसाठी 'स्कूल फोबिया' (शाळेची भीती) हा शब्द वापरला, आणि त्यांनीच या भीतीचे मूळ शाळेपेक्षा आईपासून दूर होण्याच्या धास्तीत शोधले होते. पुढे क्रिस्टोफर कीअर्नी आणि वेंडी सिल्व्हरमन या मानसशास्त्रज्ञांनी शाळा टाळण्यामागची कारणे चार गटांत मांडली : शाळेत गेल्यावर दाटून येणारी अस्वस्थता टाळणे, लोकांसमोर बोलण्याचे किंवा परीक्षेचे प्रसंग टाळणे, घरच्यांचे लक्ष व सोबत मिळवणे, आणि शाळेबाहेर अधिक सुखाचे काही मिळणे. चौथे कारण वाचून मला राग आला होता. पण घरी राहिल्यावर दुपारपर्यंत मोबाईल हातात असे, हेही तितकेच खरे होते.

वहीत भीतीऐवजी धोका दिसला, तर मात्र प्रश्नच बदलतो. कोणी रोज छळत असेल, मारत असेल आणि सांगूनही शाळा काही करत नसेल, तर तेथे धीराने जात राहण्यात शहाणपण नाही. तुकडी किंवा शाळा बदलणे, किंवा घरी शिकणे, हाच योग्य मार्ग ठरू शकतो. आणि घरी राहूनही कशातच रस वाटत नसेल, झोप आणि भूक बिघडली असेल, जगणे नकोसे वाटत असेल, तर शाळेचा निर्णय बाजूला ठेवून त्याच दिवशी विश्वासातल्या मोठ्या माणसाला सांगावे आणि मानसोपचारतज्ज्ञांकडे जावे.

माझे घरचे सात महिने सरसकट वाईट नव्हते. पहिल्या दोन महिन्यांत झोप भरून निघाली, बीजगणितातले मागे राहिलेले धडे मी माझ्या गतीने पूर्ण केले आणि पुन्हा वाचू लागले. आई आणि मी मात्र थकलो. जी आई आधी माझी बाजू घेई, तीच आता स्वाध्याय तपासू लागली. भांडण अभ्यासाचे आहे की जेवणाच्या ताटाचे, हे आम्हालाच कळेनासे झाले. तिसऱ्या महिन्यात दाराची घंटा वाजली की मी आतल्या खोलीत जाऊ लागले. तेव्हा कळले की माझे जग लहान होत चालले आहे. घरी शिकणारी कितीतरी मुले वर्गातल्या मुलांपेक्षा अधिक माणसांत वावरतात, कारण त्यांच्या आठवड्यात खेळ, गटाने अभ्यास, वाचनालय अशी ठिकाणे आधीच ठरलेली असतात. माझ्या आठवड्यात असे एकही ठिकाण नव्हते. घरी शिकायचे ठरवत असाल तर अभ्यासाच्या वेळापत्रकाआधी हे लिहून काढा : आठवड्यातून किती वेळा, कोठे आणि कोणाला भेटणार?

कायद्याची चौकशीही आधीच करावी, कारण प्रत्येक देशात नियम वेगळे आहेत. इंग्लंडमध्ये १९९६ च्या कायद्यानुसार शाळेबाहेर शिकता येते, तर जर्मनीत शाळेत जाणे सक्तीचे आहे. परीक्षेला कसे बसता येईल हेही विचारून ठेवावे. शक्य असेल तर दाखला काढण्याआधी वैद्यकीय रजा मिळते का ते पाहावे. माझे नाव पटावर राहिले होते, म्हणूनच परतणे सोपे गेले.

परतताना आम्ही जिना केला. पहिली पायरी, सुट्टीच्या दिवशी फाटकापर्यंत जाऊन दहा मिनिटे थांबणे. मग शाळा भरलेली असताना ग्रंथालयात एक तास. मग फक्त जीवशास्त्र. मग त्याला जोडून गणित. एका पायरीवर आकडा चारच्या खाली येईपर्यंत पुढची चढायची नाही, पण मागेही फिरायचे नाही. मोठ्याने वाचण्यातून मला सूट मिळाली, तीही सहा आठवड्यांपुरतीच. बेमुदत सूट मिळाली असती, तर मी आजही मोठ्याने वाचले नसते. आजारपणानंतर दोन पायऱ्या खाली घसरले आणि तेथूनच पुन्हा चढले.

मधली सुट्टी शेवटी ठेवली होती. "इतके दिवस कुठे होतीस?" या प्रश्नासाठी मी एक उत्तर पाठ केले होते : "तब्येत ठीक नव्हती, आता बरी आहे." तीन दिवस कोणी काही विचारलेच नाही. चौथ्या दिवशी एकीने विचारले, आणि माझे वाक्य पुरे होण्याआधीच भूगोलाचा नकाशा काढून झाला का, अशी तिने चौकशी केली. तो झाला नव्हता. मग उरलेल्या सुट्टीत आम्ही दोघींनी मिळून तो काढला.