स्टेरॉइड घेतल्यानंतर लिपिड प्रोफाइलचा रिपोर्ट कसा वाचावा

शरीर कमावण्यासाठी ज्याने अ‍ॅनाबॉलिक स्टेरॉइडची सायकल (काही आठवड्यांचा डोसक्रम) घेतली आहे किंवा जो सध्या घेत आहे, त्याने लिपिड प्रोफाइल, म्हणजे रक्तातील कोलेस्टेरॉल व चरबीची तपासणी, करून घ्यावी. मात्र रिपोर्टमधील एकूण कोलेस्टेरॉल पाहून निश्चिंत होऊ नये. स्टेरॉइडमुळे, विशेषतः गोळ्यांमुळे, यकृतातील लायपेज हे विकर वाढते, ते एचडीएलचे (चांगल्या कोलेस्टेरॉलचे) विघटन जलद करते, आणि त्याच वेळी एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) वाढत असल्याने बेरीज जवळपास तेवढीच दिसू शकते. समजा, एकूण आकडा पूर्वीही १८० होता आणि आजही १८० आहे, पण एचडीएल ४८ वरून २२ वर आले आहे. तर एकूणातून एचडीएल वजा केल्यावर उरणारे घातक कोलेस्टेरॉल १३२ वरून १५८ झालेले असते. ही वजाबाकी प्रत्येक रिपोर्टवर करावी. पुरुषांमध्ये एचडीएल ४० च्या खाली असणे धोक्याचे मानले जाते.

इंजेक्शनच्या तुलनेत गोळ्या कोलेस्टेरॉल अधिक बिघडवतात. १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात रोज ६ मिलीग्रॅम स्टॅनोझोलॉल घेणाऱ्या वेटलिफ्टरांचे एचडीएल ३३ टक्क्यांनी घटले, तर आठवड्याला २०० मिलीग्रॅम टेस्टोस्टेरॉनचे इंजेक्शन घेताना ते ९ टक्क्यांनीच घटले. पण म्हणून इंजेक्शन निर्धोक ठरते असे नाही, कारण जिममध्ये डोस याच्या कितीतरी पट असतात आणि हृदयावरील परिणाम कोलेस्टेरॉलपुरता मर्यादित नाही. २०१७ च्या एका अभ्यासात १४० वेटलिफ्टर तपासले असता, स्टेरॉइड घेणाऱ्यांच्या हृदयाची रक्त बाहेर फेकण्याची क्षमता सरासरी ५२ टक्के, तर न घेणाऱ्यांची ६३ टक्के आढळली.

त्यामुळे लिपिडसोबत रक्तदाब, सीबीसी (रक्तपेशींची तपासणी) आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने ईसीजी व टूडी एको (हृदयाची सोनोग्राफी) करून घ्यावा. सीबीसीमध्ये हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातील लाल पेशींचे प्रमाण, पाहावे. ते ५४ टक्क्यांच्या वर गेल्यास रक्त घट्ट होऊन गुठळीचा धोका वाढतो, आणि सोलापूरच्या मे महिन्यातील उन्हात घाम गाळून पाणी कमी प्यायल्यास त्यात भरच पडते. तपासणीपूर्वी १० ते १२ तास उपाशी राहावे, आदल्या रात्री मटणाचे जेवण व मद्य टाळावे, आणि काही दिवस जड व्यायाम थांबवावा, कारण नुसत्या व्यायामानेही एसजीओटी-एसजीपीटी (यकृताच्या तपासणीतील विकरे) वाढतात.

रिपोर्ट बिघडला की घरची मंडळी आधी शेंगाचटणीला दोष देतात. हा अन्याय आहे: शेंगदाण्यात कोलेस्टेरॉल मुळीच नसते आणि त्यातील बहुतांश स्निग्धांश असंतृप्त असतो. उलट, केवळ पथ्य पाळून गोळ्या चालू ठेवल्यास एचडीएल सावरत नाही.

स्टेरॉइड थांबवल्यावर एचडीएल सामान्यतः काही आठवडे ते काही महिन्यांत पूर्ववत होते, पण धमनीत साचलेला थर तसा निघून जात नाही. शरीराचे स्वतःचे टेस्टोस्टेरॉन दबलेले असल्याने थकवा व उदासी येऊ शकते, म्हणून ही औषधे डॉक्टरांच्या देखरेखीखाली बंद करावीत. कोणते औषध, किती आणि किती आठवडे घेतले, हे त्यांना संकोच न करता लिहून द्यावे; शक्य असल्यास रिकामी बाटली किंवा स्ट्रिपही न्यावी. मेडिकलमधून परस्पर स्टॅटिन (कोलेस्टेरॉल कमी करणारे औषध) आणून स्टेरॉइडच्या गोळ्यांसोबत सुरू करू नये, त्यामुळे यकृतावर दुहेरी भार पडू शकतो. छातीत दाब, डाव्या हातात कळ किंवा अचानक धाप लागल्यास मात्र रिपोर्टची वाट न पाहता थेट सिव्हिलच्या अपघात विभागात जावे.