कोणाला किती झोप लागते, ते घरच्या घरी कसं काढायचं

इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या घरात झोपेवरून जितके टोमणे मारले गेलेत, तितके पैशावरूनही नसतील. सासूबाई, म्हणजे आमच्या माई, पहाटे चारला उठतात. यजमान रविवारी नवाच्या आत हलत नाहीत. आणि आत्याबाई "मला बाई चार तास पुरतात" हे प्रत्येक लग्नकार्यात ऐकवतात. मी शाळेत जीवशास्त्र शिकवते, त्यामुळे निवाड्याला सगळे माझ्याकडेच येतात. तुमच्याकडेही हा तंटा असणारच. वही, पेन आणि बऱ्यापैकी लांब सुट्टी एवढंच सामान लागतं.

आधी 'किती' आणि 'केव्हा' यांची फारकत करा. माई चारला उठतात म्हणून गल्लीभर कौतुक होतं, पण रात्री साडेआठला त्या घोरत असतात हे कोणी मोजत नाही. म्हणजे झाली की साडेसात तास! त्यांची झोप कमी नाही, नुसती अलीकडे सरकलेली आहे. असं सरकणं घराण्यात चालत येऊ शकतं. अमेरिकेतल्या युटामध्ये एका घराण्यातली माणसं संध्याकाळी साडेसातच्या सुमारास झोपून पहाटे साडेचारच्या आत उठत. २००१ साली त्याचं मूळ पीईआर-२ या जनुकातल्या एका बदलात सापडलं. उलट्या टोकाला सीआरवाय-१ हे जनुक. त्यातला एक बदल माणसाला रात्री उशिरापर्यंत जागं ठेवतो, हे २०१७ मध्ये कळलं. वयाचाही हिशोब धरा. सतरा वर्षांचा मुलगा उशिरा झोपतो आणि सत्तरीची आजी लवकर उठते, यात नवल नाही. त्या दोघांची तुलना करून भांडू नका.

आता वही. दोनच रकाने: डोळा लागला त्याची अंदाजे वेळ आणि आपोआप जाग आली ती वेळ. गजर बंद. दुपारची डुलकी लागली तर तीही लिहायची. इंदूरकरांसाठी खास सूचना: नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं आणि आमच्याकडे नळ पहाटे येतो. ज्याच्याकडे पाणी भरायचं काम, त्याचा तो दिवस धरायचा नाही. सराफ्यात, म्हणजे आमच्या रात्रीच्या खाऊबाजारात, भुट्ट्याचा कीस खाऊन एक वाजता परतलेली रात्रही बाद. अनंत चतुर्दशीला कापड गिरण्यांच्या झांक्या (सजवलेल्या चित्ररथांची मिरवणूक) रात्रभर चालतात, तेव्हा तर वही उघडूच नका.

सुट्टीचे पहिले तीन-चार दिवसही सोडून द्या. त्या दिवसांत माणूस जुनी उधारी फेडत असतो. दहा तास झोपला म्हणून त्याची गरज दहा तासांची ठरत नाही. पुढे आकडा एका जागी स्थिरावतो, तो आपला. प्रौढांना साधारण सात ते नऊ तास लागतात. तुमचा पावणेनऊ आला तर घाबरू नका. आमच्या यजमानांचा तसाच आहे, आणि 'कुंभकर्ण' हे विशेषण मी घरातून हद्दपार केलंय.

लांब सुट्टी मिळत नसेल तर भाच्याचं पान पाहा. तो आयटीत आहे. कामाच्या दिवशी साडेबाराला झोपतो, साडेसहाला उठतो: सहा तास, झोपेचा मध्यबिंदू साडेतीन. शनिवार-रविवारी दोनला झोपतो, दहाला उठतो: आठ तास, मध्यबिंदू सहा. दोन मध्यबिंदूंत अडीच तासांचा फरक. म्हणजे दर सोमवारी तो जणू परदेशातून विमानानं उतरतो. जर्मन संशोधक टिल रोएनेबर्ग यांनी ही मोजणी रूढ केली. आठवड्याची सरासरी काढली तर साडेसहा तासांच्या जरा वर येते. दोन सुट्ट्यांत तो जास्त झोपतोय ते पाच दिवसांची तूट भरून काढायला. मग हा मुलगा आळशी कसा? त्याची पाळी चुकीच्या वेळेला लागली आहे, एवढंच.

आता आत्याबाई. थोडक्या झोपेवर भागणारी माणसं खरंच असतात, पण त्यांची परीक्षा कडक घ्यावी. लहानपणापासून तसंच आहे का? सुट्टीतही झोप वाढत नाही ना? जेवल्यावर पेंग येते का? चहा चुकला तर डोकं धरतं का? आत्याबाई उज्जैनच्या बसमध्ये वाटेतलं सांवेर यायच्या आत खिडकीला डोकं टेकतात. निकाल लागला! २००९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या यिंग-हुई फू आणि सहकाऱ्यांनी डीईसी-२ जनुकात बदल असलेली आई-मुलीची जोडी शोधली. जगभर गाजलेल्या त्या दोघींची झोप सरासरी सव्वासहा तासांची होती, चार तासांची नव्हे. २०१९ मध्ये एडीआरबी-१ या जनुकातला तसाच बदल सापडला. तो लाखात जेमतेम चारजणांत असावा असा अंदाज आहे. २०११ च्या जनगणनेत इंदूर शहराची वस्ती साडेएकोणीस लाखांच्या वर होती. हेच प्रमाण इथं लावलं (ते इथं तसंच असेल असं मुळीच नाही) तर अख्ख्या शहरात ऐंशीच्या आत. पण लग्नाच्या पंगतीत बसा, चार तासवाले प्रत्येक ओळीत दोन भेटतील.

थुंकी पाठवून जनुकांची तपासणी करून घ्यावी का, असं विचारतात. माझं मत: झोपेसाठी तरी पैसे घालवू नका. ब्रिटनमधल्या सुमारे साडेचार लाख लोकांच्या माहितीवरून २०१९ मध्ये झोपेच्या तासांशी निगडित ७८ जनुकीय जागा सापडल्या. त्यांतली झोप वाढवणारी रूपं सर्वांत जास्त असलेले पाच टक्के आणि सर्वांत कमी असलेले पाच टक्के यांच्या झोपेत फरक किती? सुमारे २२ मिनिटं. वही याहून जास्त सांगते. जुळ्यांच्या अभ्यासांतून तीस ते पन्नास टक्के वाटा आनुवंशिकतेचा येतो, पण त्याचा अर्थ तुमच्या आठांतले चार तास आईवडिलांनी दिले असा नाही. माणसामाणसांत जो फरक दिसतो, त्याच्या कारणांमधला तो वाटा आहे.

एक मात्र पाहा. आयुष्यभर सात तास झोपणारा अचानक दहावर गेला, किंवा घोरता घोरता श्वास अडकत असेल, तर आजोळ-दादाजींना दोष न देता डॉक्टरांकडे जा. थायरॉईड, रक्त कमी असणं, मनाची उदासी, यांतलं काहीही निघू शकतं.

आकडा हाती आला की कामं वाटून टाका. नळाची मोटर माई लावतात. रात्री कुलूप-गॅस बघणं भाच्याकडे. झोपेचं घड्याळ अलीकडे आणायचं असेल तर सकाळी उठल्या उठल्या गच्चीवर उजेडात जा. इंदूरचा सूर्य घड्याळापेक्षा साधारण पंचवीस मिनिटं मागे चालतो, म्हणून थंडीत जरा थांबावं लागतं. संध्याकाळी पाचनंतर चहा नको, कारण पाचेक तासांनीही त्यातलं निम्मं कॅफीन अंगात असतं. काहींना रात्री दहाचा चहाही बाधत नाही, आणि तेही बरंचसं जनुकांवरच आहे. आत्याबाई त्यातल्या, हे मात्र मी मान्य करते.