अतिनील प्रकाशात सच्छिद्र पॉलिमरचा कॉलम कसा तयार करावा

क्रोमॅटोग्राफीचा, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करण्याच्या पद्धतीचा, कॉलम म्हणजे बारीक कण ठासून भरलेली नळी, असं आपण शिकलेलो असतो. इथे कण भरायचेच नाहीत. पातळ मिश्रण नळीत शिरवून ते जागच्या जागी घट्ट करायचं, की स्पंजासारखा एकसंध सच्छिद्र दांडा तयार होतो. त्याला मोनोलिथ म्हणतात. श्वेत्स आणि फ्रेशे या रसायनशास्त्रज्ञांनी १९९२ मध्ये मेथॅक्रिलेटचे असे दांडे उष्णता देऊन घडवले. उजेडाचा वापर पुढे रूढ झाला.

नवशिक्याचं सगळं लक्ष दिव्याकडे असतं. कॉलम मात्र बहुतेकदा दिवा लावण्याआधीच बिघडलेला असतो.

कॅपिलरी, म्हणजे केसासारखी बारीक काचेची नळी, १०० मायक्रोमीटर आतल्या व्यासाची घ्या, पण नेहमीची तपकिरी नको. तो रंग पॉलिइमाइडच्या लेपाचा, आणि हा लेप अतिनील किरण आत जाऊच देत नाही. पारदर्शक लेपाची मागवा. महाग पडते, पण लेप जाळून काढलेली नळी जरा वाकवली की मोडते.

आता आतली भिंत. ०.२ मोलर सोडियम हायड्रॉक्साइड अर्धा तास, पाणी, ०.२ मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल अर्धा तास, पुन्हा पाणी, मग इथेनॉल. त्यानंतर ९५ टक्के इथेनॉलमध्ये २० टक्के ट्रायमेथॉक्सीसिलिलप्रोपिल मेथॅक्रिलेट घेऊन अ‍ॅसेटिक आम्लाने पीएच ५ वर आणा आणि ते तासभर नळीतून जाऊ द्या. इथेनॉलने धुवा, नायट्रोजनने वाळवा, रात्रभर ठेवा. पॉलिमर तयार होताना आक्रसतो. भिंतीवर त्याला धरून ठेवणारे रेणू नसले तर कडेला फट पडते आणि द्रव दांड्यातून न जाता बाजूने निसटतो. घाईत मी एकदा ही पायरी गाळली. पंप सुरू करताच सोऱ्यातून शेव पडावी तसा अख्खा दांडा बाहेर आला.

मिश्रणासाठी वजनाने २४ टक्के ब्युटिल मेथॅक्रिलेट, १६ टक्के इथिलीन डायमेथॅक्रिलेट, ३४ टक्के डेकॅनॉल आणि २६ टक्के सायक्लोहेक्झॅनॉल, इथून सुरुवात करा. मोनोमरच्या, म्हणजे ज्यांचा पॉलिमर बनतो त्या दोन मेथॅक्रिलेटांच्या, वजनाच्या १ टक्का डायमेथॉक्सीफिनाइल अ‍ॅसेटोफिनोन टाका. उजेडात क्रिया सुरू करतं ते हेच. मोनोमर आपोआप घट्ट होऊ नये म्हणून विक्रेत्याने त्यात घातलेला रोधक अल्कधर्मी अ‍ॅल्युमिनातून गाळून आधी काढा. सायक्लोहेक्झॅनॉल साधारण २५ अंशांना गोठतं, त्यामुळे पुण्याच्या थंडीत बाटलीत त्याचा खडाच सापडतो. कोमट पाण्यात बाटली धरा. छिद्रांचा आकार या दोन अल्कोहोलांच्या प्रमाणावर ठरतो: डेकॅनॉल वाढवलं की पॉलिमर लवकर वेगळा पडतो आणि वाटा रुंद होतात.

ऑक्सिजन ही क्रिया अडवतो, म्हणून मिश्रणातून दहा मिनिटं नायट्रोजन सोडा. लगेच नळी भरा, बुडबुडा राहिला नाही ना पाहा, दोन्ही टोकं रबरी सेप्टमच्या (बाटलीच्या तोंडावरच्या रबरी चकतीच्या) तुकड्यांत खुपसा. वीस सेंटिमीटर नळीत जेमतेम दीड मायक्रोलिटर मावतं, तेव्हा ग्रॅमभर मिश्रणसुद्धा खूप झालं.

जिथे दांडा नको तो भाग, विशेषतः शोधकाची खिडकी (बाहेर येणारे घटक उपकरण जिथे टिपतं तो भाग), अ‍ॅल्युमिनियमच्या कागदाने झाका. उष्णतेच्या पद्धतीत ही सोय नाही. मग २५४ नॅनोमीटरच्या दिव्याखाली ठेवा. प्रत्येक दिव्याची ताकद वेगळी, म्हणून ५, १० आणि १५ मिनिटांचे तीन तुकडे आधी करून पाहा. पारदर्शक नळी दुधाळ पांढरी झालेली दिसली की आत काहीतरी घडलंय. दिव्याची पेटी बंद हवी, चष्मा आणि हातमोजेही. मेथॅक्रिलेटने कातडीला अ‍ॅलर्जी होते.

शेवटी मिथेनॉलने अल्कोहोल धुऊन काढा, पंपाचा वेग अगदी कमी ठेवून. दाब स्थिरावला की प्रवाह टप्प्याटप्प्याने वाढवा आणि प्रवाहासोबत दाब कसा वाढतो त्याचा आलेख काढा. रेघ सरळ आली तर दांडा भक्कम. दाब मध्येच धपकन पडला तर तो भिंतीपासून सुटलाय. चाचणीला थायोयुरिया, टोल्युइन, इथिलबेंझिन आणि ब्युटिलबेंझिन यांचं मिश्रण घाला. ती याच क्रमाने बाहेर यायला हवीत. शोधकाच्या आलेखातली शिखरं फार टोकदार आली नाहीत तरी खट्टू होऊ नका, लहान रेणू ही या कॉलमची दुबळी बाजू आहे. प्रथिनं घालून पाहा.